आधी दाखवा, मग छापा

(जनगणना प्रचाराच्या पत्रकासंबंधी मंडळाच्या इंदूर येथील सर्वसाधारण सभेत एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर. – संपादक)





मी जाहिरातशास्त्राचा जाणकार नाही. बी.कॉम. झालो आणि गेली वीसेक वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसतो आहे. आज बोलायला उभा आहे तो खुलासा देण्यासाठी. जनगणना प्रचार समितीने पत्रकाचा मसुदा छापखान्यात पोचवायचे काम माझ्याकडे दिले होते. मी तो पंधरा दिवस पोचवला नाही, खिशात घेऊन फिरलो. त्यावरून काही मंडळी माझ्यावर नाराज आहेत आणि त्यांची नाराजी रास्त आहे. या पंधरा दिवसांत मी काय केले आणि का केले, तेवढे ऐकून घ्यावे ही विनंती.

प्रथम विषयाची उजळणी करतो. २०२१ ची जनगणना करोनामुळे झाली नाही. पुढे १६ जून २०२५ रोजी अधिसूचना निघाली आणि ती २०२७ ची जनगणना म्हणून जाहीर झाली. आधी घरांची नोंद आणि नंतर माणसांची गणना असे तिचे दोन टप्पे. आपल्याकडे माणसांच्या गणनेसाठी फेब्रुवारी २०२७ हा महिना ठरला आणि १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस. मागच्या, म्हणजे २०११ च्या गणनेत मातृभाषा विचारली होती. त्या वेळी देशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख निघाले, आणि आपल्या मध्य प्रदेशात १२ लाखांच्या आसपास. त्यांतले पुष्कळसे बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट या सीमेलगतच्या भागातले. आपल्या इंदूरच्या जुन्या वस्त्यांतले किती जण त्यात धरले गेले आणि किती जण ‘हिंदी’ सांगून मोकळे झाले, हा आपल्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न आहे. घरटी एक माणूस दारात उभा राहतो आणि एका दमात सगळ्या घराची माहिती सांगून टाकतो. प्रगणक हिंदीत विचारतो, आपण हिंदीत उत्तर देतो, आणि भाषेच्या रकान्यात हिंदी पडते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्कम आपली, पण जमा दुसऱ्याच्या खात्यात.

हा आकडा नुसता मिरवण्यापुरता नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी तरतूद घटनेच्या ३५०-अ कलमात आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ती आली. पण शाळा मागा, शिक्षक मागा, नाहीतर ग्रंथालयाला अनुदान मागा, समोरचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, ‘आप लोग हैं कितने?’ त्या वेळी दाखवायला आपल्याकडे जनगणनेचाच कागद असतो. म्हणून हे पत्रक महत्त्वाचे, आणि म्हणूनच मी ते अडवून धरले.

याचे मूळ आमच्या बँकेत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत ज्येष्ठ नागरिकांच्या ठेव योजनेचे एक मोठे रंगीत पोस्टर आले. समुद्रकिनारा, हसरे आजी-आजोबा, वर इंग्रजीत ठसठशीत ओळ आणि ठेवीचे नाव खाली बारीक अक्षरांत. वरच्या कार्यालयात ते सर्वांना पसंत पडले असणार, कारण दिसायला खरोखर सुरेख होते. पहिल्या आठवड्यात पेन्शनचे तीन-चार खातेदार माझ्या काउंटरवर येऊन विचारून गेले, ‘बँकवाले तीर्थयात्रा निकाल रहे हैं क्या? जगन्नाथपुरी?’ ठेवीची चौकशी त्या पोस्टरवरून कोणी केलेली मला आठवत नाही. मी रोज त्याच्याखालीच बसत होतो आणि मला ते कधी यात्रेचे वाटले नव्हते, कारण योजनेचे परिपत्रक मी आधी वाचले होते. ज्याला मजकूर ठाऊक असतो, त्याला चित्रातही तोच मजकूर दिसतो.

आपल्या पत्रकाचा मसुदा हाती आला तेव्हा मला ते पोस्टर आठवले. मसुदा तुम्ही पाहिला आहे. भगवी पार्श्वभूमी, मध्यभागी शिवछत्रपतींची प्रतिमा, वर ‘मराठी अस्मितेचा हुंकार!’ हे शीर्षक, खाली आठ ओळींचा मजकूर, आणि तळाला सात पदाधिकाऱ्यांची नावे व छायाचित्रे. समितीत तो एकमताने मंजूर झाला. माझेही मत त्यात होते. पण आपण सगळ्यांनी तो मंजूर करताना मनात जनगणना धरलेली होती.

मग मी एक साधा प्रयोग केला. ओळखीच्या पण मंडळाबाहेरच्या वीस-बावीस मराठी माणसांना ते पत्रक दाखवले. रामबागेत, लोकमान्य नगरात, बँकेत, एकदा तर पोह्यांच्या गाडीवर. पाच आकडे मोजेपर्यंत हातात द्यायचे, परत घ्यायचे आणि विचारायचे, ‘काय होतं त्यात? तुम्हाला काय करायला सांगितलंय?’ आवडले का, असे मी कोणालाही विचारले नाही. आपल्या लोकांना आवडले का म्हणून विचारले तर ‘छान आहे, बढिया आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ती आपली सभ्यता आहे. तिच्यावरून पत्रकाची पारख होत नाही.

उत्तरे जशी मिळाली तशी सांगतो. पुष्कळांनी सांगितले, ‘मंडळाची निवडणूक आहे वाटतं.’ सात छायाचित्रांचा हा परिणाम. काहींना शिवजयंतीची मिरवणूक वाटली. एका दुकानदार काकांनी पत्रक हातात घेण्याआधीच विचारले, ‘वर्गणी किती?’ माझी स्वतःची मुलगी अकरावीत आहे, इंग्रजी माध्यमात शिकलेली. घरात मराठी बोलते, देवनागरी वाचते. तिने शीर्षक वाचून विचारले, ‘बाबा, ही अस्मिता कोण?’ तिच्या वर्गात त्या नावाची मुलगी आहे. आपण सारे हसतो आहोत, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना, कारण आपले पत्रक ज्या पिढीसाठी आहे ती हीच. जनगणना हा शब्द पाच आकड्यांत एकाच्याही नजरेला पडला नव्हता. तो सहाव्या ओळीत होता.

माझा हा प्रकार हौशी आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून जाणकारांनी काय केले ते थोडे वाचले. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये पॉल लाझार्सफेल्ड हे समाजशास्त्रज्ञ रेडिओच्या कार्यक्रमांवर अभ्यास करीत होते. श्रोत्यांना खोलीत बसवून त्यांच्या हातात दोन बटणे दिलेली असत. आवडले तर हिरवे दाबायचे, नावडले तर लाल. रॉबर्ट मर्टन हे त्यांचे सहकारी तिथे आले आणि त्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. बटण कुठे दाबले हे कळते, का दाबले हे कळत नाही, म्हणून त्या त्या जागेविषयी श्रोत्यांना बोलते करायचे. आज कंपन्या दहा-बारा लोकांना एकत्र बसवून चर्चा घेतात, त्या पद्धतीची मुळे इथे सापडतात. त्याच काळात डॅनियल स्टार्च या अमेरिकन अभ्यासकाने छापील जाहिरातींसाठी तीन वेगळ्या गोष्टी मोजायला सुरुवात केली होती. जाहिरात नजरेला पडली का, ती कोणाची हे ध्यानात आले का, आणि निम्म्याहून अधिक मजकूर वाचला का. आपले पत्रक पहिल्या कसोटीत उत्तम उतरले. भगवा रंग आणि महाराजांची प्रतिमा कोणाच्या नजरेतून सुटत नाही. दुसऱ्या कसोटीवर ते घसरले आणि तिसरीपर्यंत पोचलेच नाही.

विचारण्यातही चूक होते, आणि ती मोठमोठ्यांची होते. कोकाकोला कंपनीने २३ एप्रिल १९८५ रोजी आपल्या पेयाची कृती बदलली. त्याआधी सुमारे २ लाख लोकांना चव देऊन पाहिली होती आणि बहुतेकांना नवी चव अधिक आवडली होती. तरी लोक खवळले आणि ७९ दिवसांनी, ११ जुलैला, जुने पेय परत आणावे लागले. कंपनीने घोटभर चव विचारली होती. आजवरचे जुने पेय बंद झाले तर तुम्हाला कसे वाटेल, हे नीट विचारलेच नव्हते.

आता आपल्या देशातले उदाहरण. मंडळात सर्व पक्षांची माणसे आहेत, म्हणून आधीच सांगतो की मी कोणाची बाजू घेत नाही. २००३ च्या अखेरीस केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ‘इंडिया शायनिंग’ ही मोहीम काढली. ग्रे वर्ल्डवाइड या जाहिरात संस्थेने ती तयार केली होती. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती. मोहीम निराधार होती असे कोणी म्हणू नये. शहरातल्या, शेअर बाजार बघणाऱ्या माणसाला ती पटकन समजली. पण तीच ओळ निवडणुकीच्या वाऱ्यात खेड्यापर्यंत गेली. ज्याच्या घरी दिवसाचे आठ तास वीज नाही, त्याच्या मनात ती ओळ वाचताच प्रश्न उठला, ‘कोणाचा इंडिया?’ काँग्रेसने नेमका तोच प्रश्न उचलला आणि ‘आम आदमी को क्या मिला?’ असे विचारले. मे २००४ च्या निकालात काँग्रेस १४५ आणि भाजप १३८. एका ओळीने सरकार पडत नाही. तमिळनाडू आणि आंध्रातल्या आघाड्यांची गणिते त्यामागे होती, आणि आपल्या मध्य प्रदेशात भाजपने तेव्हाही २९ पैकी २५ जागा घेतल्या. तरीही लालकृष्ण अडवाणी यांनी नंतर मान्य केले की ती घोषणा निवडणूक प्रचारासाठी उचित नव्हती.

आणि गंमत पहा. जेमतेम काही महिने आधी, २००३ च्या विधानसभा निवडणुकीत, आपल्याच राज्यात त्याच पक्षाने ‘बिजली, सड़क, पानी’ या तीन शब्दांवर रान उठवले होते आणि २३० पैकी १७३ जागा जिंकल्या होत्या. ते तीन शब्द कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत. खड्ड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला ते आपलेच वाटले. ‘शायनिंग’ कळायला आधी मनात काही चकाकावे लागत होते. आपले ‘अस्मितेचा हुंकार’ मला त्याच जातीचे वाटते. ज्याच्या मनात आधीच हुंकार आहे, त्याला पत्रकाची गरज नाही. तो मातृभाषा मराठीच सांगणार आहे.

असो. मी घरी बसून दुसरा मसुदा लिहिला. पांढरा कागद, काळी मोठी अक्षरे: ‘जनगणनेचा माणूस दारी येईल. मातृभाषा विचारेल. घरातल्या प्रत्येकाची सांगा – मराठी.’ बस एवढेच. तो घेऊन पुन्हा फिरलो. या वेळी ‘काय करायला सांगितलंय?’ या प्रश्नाला बहुतेकांनी बरोबर उत्तर दिले. मी खूश झालो. तेवढ्यात दोन ठिकाणी अडकलो, आणि खरे सांगायचे तर त्या दोन ठिकाणांसाठीच आज बोलतो आहे.

पहिली अडचण आमच्या शेजारच्या वहिनींची. त्यांचे माहेर उज्जैनचे, घर माळवी बोलणारे. लग्नाला पंधरा वर्षे झाली, मराठी अस्खलित बोलतात. पत्रक वाचून त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, मी पण मराठीच सांगायचं का? माझी आई तर माळवी बोलायची.’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. लहानपणी आईने ज्या भाषेत आपल्याशी बोलणे केले ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे, आणि ती घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी असू शकते. म्हणजे ‘प्रत्येकाची सांगा – मराठी’ असे छापून आपण नकळत खोटी माहिती द्यायला सांगत होतो. जनगणना १९४८ च्या कायद्याने चालते आणि आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर देणे बंधनकारक आहे. हे पत्रक छापून गेले असते तर उद्या कोणी बोट दाखवले असते आणि आपल्याकडे उत्तर नसते.

दुसरी अडचण एका आजोबांची. नाव सांगत नाही. घराणे होळकरशाहीतले, वाडा अजून उभा आहे. त्यांनी पत्रक वाचले, घडी घातली, चष्मा काढला आणि हळूच विचारले, ‘अरे, मराठी लिहवलं तर आपण बाहेरचे ठरणार नाही ना? माझ्या नातवांना उद्या इथेच नोकरी करायची आहे.’

मंडळी, या वाक्याने मी गप्प झालो. समितीच्या चार बैठका झाल्या. त्यात आपण रंगावर बोललो, फोटोंच्या क्रमावर बोललो, कोणाचे नाव आधी यावर तर अर्धा तास बोललो. ही भीती कोणाच्या तोंडून आली नाही. सभेत ती येणारही नाही, कारण सभेत आपण सगळे शूर असतो. ती आली एका माणसाच्या हातात कागद देऊन शांतपणे विचारल्यावर. नंतर मी तो विषय काढून आणखी काही जणांना विचारले, तेव्हा तीन-चार जुन्या घरांतून तोच सूर निघाला. पहिले भगवे पत्रक त्यांना दाखवले होते तेव्हा त्यांनी ‘छान आहे’ म्हणून परत दिले होते. त्या ‘छान’मागे काय होते ते आता कळले. आपल्याला ज्या हुंकाराचा अभिमान वाटत होता, त्यानेच त्यांची काळजी वाढवली होती.

या भीतीला उत्तर आहे आणि ते सोपे आहे. मराठी ही घटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत जन्मस्थान आणि पूर्वीचे राहण्याचे ठिकाण हे प्रश्न वेगळे होते आणि मातृभाषेचा वेगळा. मातृभाषा मराठी सांगितल्याने कोणी महाराष्ट्राचा होत नाही आणि मध्य प्रदेशाचा राहत नाही असेही होत नाही. १८१८ साली मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. आपल्यातली कित्येक घरे तेव्हापासूनची, काही त्याआधीचीही. शिवाय एकेका माणसाची माहिती कायद्याने गुप्त ठेवली जाते, बाहेर येतात ते एकत्रित आकडे. हे सगळे आपल्याला ठाऊक होते. फक्त पत्रकात ते लिहायला हवे हे ठाऊक नव्हते.

म्हणून तिसरा मसुदा तयार केला आहे, तो आज आपल्यापुढे ठेवतो. समोरच्या बाजूला तीनच ओळी: ‘जनगणनेत मातृभाषा विचारतील. लहानपणी तुमची आई मराठी बोलत असेल, तर ‘मराठी’ सांगा. घरातल्या प्रत्येकाची वेगळी सांगा.’ मागच्या बाजूला दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे. ‘सून दुसऱ्या भाषेची असेल तर?’ आणि ‘मराठी सांगितले तर आपण बाहेरचे ठरतो का?’ खाली मंडळाचे नाव. छायाचित्रे नाहीत. आपल्या सर्वांचा मान राखून सांगतो, पदाधिकाऱ्यांचे फोटो वार्षिक अहवालात शोभतात. या कागदावर ते दिसले की लोक निवडणूक समजतात. महाराजांची प्रतिमाही काढली आहे. त्यांच्याविषयी माझ्या मनात काय आहे ते वेगळे सांगायला नको. पण ती पाहिली की डोळे तिथेच थांबतात आणि हात जोडले जातात, खालची ओळ वाचायची राहते.

समितीतल्या एका ज्येष्ठांनी मला बजावले, ‘प्रत्येक गोष्ट लोकांना विचारून करायची तर पुढारपण कशाला?’ त्यांचा मुद्दा मी टाळत नाही. काय सांगायचे ते मंडळानेच ठरवायचे आहे, आणि ते ठरले आहे. मातृभाषेची नोंद खरी व्हावी, हे आपण पोह्यांच्या गाडीवर मतदान घेऊन ठरवलेले नाही. मी विचारत फिरलो ते इतकेच की आपण जे सांगतो ते समोरच्याला पोचते का. आणि वीस-बावीस माणसांना विचारून अख्ख्या इंदूरचे मत कळते, असाही माझा दावा नाही. एवढ्या थोड्या लोकांत टक्केवारी काढू नये. पण वीसातल्या दहांना निवडणूक वाटली, तर काहीतरी चुकले आहे हे कळायला तेवढे पुरते. खर्च म्हणाल तर काही झेरॉक्स प्रती आणि चार संध्याकाळी. पाच हजार प्रती छापून रद्दीत घालण्यापेक्षा हे स्वस्त.

माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, तिसरा मसुदाही लगेच मंजूर करू नका. प्रत्येक सभासदाने त्याच्या प्रती न्याव्यात आणि मंडळात कधीही न येणाऱ्या पाच जणांना दाखवाव्यात. त्यांत एक तरी कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी असावी, एक सून असावी आणि एक सत्तरी ओलांडलेले माणूस. आपल्या घरातले शक्यतो नको, ते आपल्याकडे बघून उत्तर देतात. दोन, पाच आकडे मोजून कागद परत घ्या आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, हिंदीत सांगितले तर हिंदीत. मध्येच समजावू नका. प्रत्येक दारात समजावायला आपण जाणार नाही, कागदच जाणार आहे. तीन, यापुढे मंडळाचे कोणतेही पत्रक अशा चाचणीशिवाय छापखान्यात जाऊ नये, असा ठराव आजच्या सभेने करावा.

पंधरा दिवसांच्या विलंबाबद्दल मी सभेची क्षमा मागतो. त्या आजोबांकडे मी परवा पुन्हा गेलो होतो, तिसरा मसुदा घेऊन. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, काही बोलले नाहीत. मग नातवाला हाक मारून म्हणाले, ‘हे फ्रिजवर चिकटव.’ परत निघताना मी दारातून पाहिले, तर त्याने चिकटवले होते, पण मागची बाजू पुढे करून. ‘बाहेरचे ठरतो का?’ हा प्रश्न आणि त्याचे उत्तर दिसेल असे.

तेव्हा कोणती बाजू पुढे ठेवायची, याचाही आपण पुन्हा विचार करावा असे मला वाटते. तेवढे सभेवर सोपवून मी थांबतो.